स्वच्छ गाडी आणि तिची किंमत

एखादी जुनी बस काळाकुट्ट धूर सोडीत जवळून निघून गेली, म्हणजे आपण नाकास रुमाल लावतों आणि ती गाडी बनविणाऱ्या कारखानदारास मनांतल्या मनांत चार शब्द ऐकवितों. हा राग स्वाभाविक आहे. परंतु तो कितपत न्याय्य आहे, याचा विचार क्वचितच होतो. कारखानदार हा केवळ नफ्याच्या मागें लागलेला, लोकांच्या प्रकृतीविषयीं बेपर्वा असा मनुष्य आहे, असें एक मत ऐकूं येतें. सरकार व न्यायालयें उद्योगधंद्यांचा नाहक छळ करतात, असें दुसरें मत ऐकूं येतें. दोन्ही मतें सोपीं आहेत, आणि म्हणूनच तीं लोकप्रिय आहेत. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें निराळें आहे. कारखान्यास वळण लावावयाचें असेल तर मागणी ठाम पाहिजे, मुदत निश्चित पाहिजे, आणि मागणी करणारानें आपल्या वाट्याची किंमत वेळेवर मोजली पाहिजे. या तिहींपैकीं एक जरी उणी पडली, तरी दोष एकट्या कारखानदाराचा राहत नाहीं. आपल्या देशांतील बसगाड्यांचा गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास याची चांगली साक्ष देतो.

प्रथम हें लक्षांत घ्यावयास हवें कीं, कारखाना म्हणजे कांहीं बैलगाडी नव्हे, कीं कासरा ओढतांच ती वळावी. एक नवें इंजिन बनवावयाचें तर त्यासाठीं साचे, यंत्रें, शिकलेले कामगार, सुटे भाग पुरविणारे लहानमोठे धंदेवाले आणि गांवोगांवचे दुरुस्ती करणारे मिस्त्री, हा सारा पसारा अनेक वर्षें खपून उभा करावा लागतो. तरीहि कारखाने वळतातच. टाटा इंजिनियरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडची 'टेल्को', हिचेंच उदाहरण घ्या. १९४५ सालीं ती स्थापन झाली तेव्हां तिच्यापुढें मुख्य काम होतें तें आगगाडीचीं वाफेचीं इंजिनें बनविण्याचें. तिच्या नांवांतील 'लोकोमोटिव्ह' हा शब्द त्याचीच खूण होय. १९५४ सालीं जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशीं करार करून तिनें मालमोटारी बनविण्यास आरंभ केला. पुढें रेल्वेनें कोळशाचीं इंजिनें सोडून डिझेलचीं व विजेचीं इंजिनें घेण्याचें धोरण धरलें, आणि १९७० च्या सुमारास जमशेदपूर येथील वाफेच्या इंजिनांचें काम कायमचें थांबलें. परंतु तोंवर सुमंत मुळगांवकर यांच्या नेतृत्वाखालीं मोटारींचा धंदा चांगलाच विस्तारला होता, आणि पुण्याजवळ दुसऱ्या कारखान्याचीहि उभारणी सुरू झाली होती. २००३ सालीं या कंपनीनें 'टाटा मोटर्स' असें नांव घेतलें. ज्या मालाकरितां ती जन्मास आली तो माल नाहींसा झाला, तरी ती जगली. कारण जुन्या गिऱ्हाइकानें पाठ फिरविण्यापूर्वींच तिनें दुसरी वाट धरली होती.

मग बाजार बदलतांच वळणारा कारखानदार धुराच्या बाबतींत कां अडतो? याचें उत्तर माणसाच्या दुष्टपणांत शोधण्याचें कारण नाहीं. तें व्यवहाराच्या रचनेंतच आहे. बस विकत कोण घेतो? एखादें परिवहन मंडळ किंवा खासगी मालक. तो गाडीची किंमत पाहतो, इंधनाचा खर्च पाहतो, टिकाऊपणा पाहतो. धूर मात्र जातो रस्त्याच्या कडेस बसलेल्या भाजीवालीच्या छातींत, चौकांत उभ्या असलेल्या पोलिसाच्या छातींत, शाळेस निघालेल्या मुलाच्या छातींत. यांपैकीं कोणीहि कारखानदाराचें गिऱ्हाईक नाहीं. त्यांचा खोकला कोणाच्याहि खातेवहींत लिहिला जात नाहीं. ज्यास सोसावें लागतें त्याच्या हातीं खरेदी नाहीं, आणि ज्याच्या हातीं खरेदी आहे त्यास सोसावें लागत नाहीं. अशा स्थितींत एखाद्या भल्या कारखानदारानें आपण होऊन अधिक खर्चाची, कमी धुराची गाडी बनविली, तर शेजारचा स्वस्त गाडी विकून त्याचें गिऱ्हाईक घेऊन जातो. म्हणून धुराचा खर्च वहींत लिहावयास लावणारी सत्ता बाहेरूनच यावी लागते. ती सत्ता कायद्याची होय.

दिल्ली शहराची हकीकत या दृष्टीनें मोठी उद्बोधक आहे. तेथील वाहनांच्या धुराविरुद्ध वकील एम. सी. मेहता यांनीं १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. तेरा वर्षांनीं, २८ जुलै १९९८ रोजीं, न्यायालयानें भुरेलाल समितीच्या शिफारशी उचलून धरल्या आणि शहरांतील सर्व बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत दाबाखालील नैसर्गिक वायूवर, म्हणजे सी.एन.जी.वर चालल्या पाहिजेत, असा आदेश दिला. डिझेलमध्यें रॉकेलची भेसळ करतां येते, वायूंत ती करतां येत नाहीं, हें त्यामागील एक व्यावहारिक कारण होतें.

यावर बसगाड्या बनविणारांचें म्हणणें काय होतें? गंधकाचें प्रमाण कमी केलेलें डिझेल आणि सुधारलेलें इंजिन यांनींहि हाच हेतु साधेल, असें ते म्हणत होते. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. केंद्र सरकारनें २००१ सालीं शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनेंहि, सरकारनें धुराची मर्यादा ठरवून द्यावी आणि ती कोणत्या इंधनानें पाळावयाची याची निवड मोकळी ठेवावी, असेंच मत दिलें. तत्त्व म्हणून तें योग्य आहे, असें आम्हांसहि वाटतें. साध्य काय तें राजानें सांगावें. साधन कोणतें तें कारागिरास ठरवूं द्यावें. परंतु योग्य तत्त्वहि योग्य वेळीं मांडावें लागतें. अर्ज दाखल होऊन इतकीं वर्षें लोटेपर्यंत स्वच्छ डिझेल आणि स्वच्छ इंजिन दिल्लीच्या रस्त्यावर दिसलें असतें, तर या युक्तिवादास वजन आलें असतें. मुदत डोक्यावर आल्यावर सांगितलेलें तत्त्व ऐकणारास सबबीसारखें वाटतें, मग तें कितीहि खरें असो. शिवाय कौशल्याची उणीव होती असेंहि नाहीं. अशोक लेलँड कंपनीची वायूवर चालणारी बस मुंबईच्या 'बेस्ट'च्या ताफ्यांत १९९७ सालींच दाखल झाली होती. हात तयार होते. ठाम मागणी तेवढी नव्हती.

तथापि न्यायाचा कांटा एकाच बाजूस झुकवूं नये. गाडी बदला असा हुकूम सुटला, पण वायु भरावयाचा कोठें? पंप थोडे, नळांतील दाब अपुरा, आणि गाड्यांच्या रांगा मैल मैल लांब. २००१ च्या एप्रिल महिन्यांत हजारों गाड्या रस्त्यावरून उतरल्या आणि उतारूंचे अतोनात हाल झाले. मुदती वाढवाव्या लागल्या. अखेर ५ एप्रिल २००२ रोजीं न्यायालयानें डिझेलच्या बसगाड्यांस दररोज दंड बसविला, आणि त्या वर्षाच्या शेवटीं दिल्लीच्या शहरी बससेवेंतून डिझेल हद्दपार झालें. काम झालें, पण तें धक्के खात झालें. आणि धक्के बसले ते मुख्यत्वेंकरून बसनें जाणाऱ्या गरीब माणसास. ज्यानें हुकूम दिला, ज्यानें गाडी बनविली आणि ज्यानें वायु पुरवावयाचा होता, त्या तिघांचीं पावलें एका तालांत पडलीं असतीं, तर हें दुःख पुष्कळसें टळलें असतें.

पंधरा वर्षांनीं असाच एक प्रसंग आला. १ एप्रिल २०१७ पासून सर्व देशांत धुराची 'भारत स्टेज ४' ही मर्यादा लागू व्हावयाची होती. जुन्या मर्यादेचीं वाहनें त्या तारखेपूर्वीं बनविलीं असलीं म्हणजे तीं नंतरहि विकतां येतील, अशा समजुतीनें कारखानदारांनीं आठ लाखांहून अधिक वाहनें शिल्लक ठेविलीं होतीं. २९ मार्च रोजीं, म्हणजे मुदतीच्या अवघे तीन दिवस आधीं, सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, लोकांचें आरोग्य हें व्यापाऱ्याच्या सोयीपेक्षां मोठें आहे. १ एप्रिलपासून हीं वाहनें विकतां येणार नाहींत. निर्णय योग्य होता. पण सरकारच्या नियमांत पहिल्यापासूनच हें स्वच्छ शब्दांत लिहिलें असतें, तर हा गोंधळ उद्भवलाच नसता.

या दोन प्रसंगांशीं तिसरा ताडून पाहावा. जानेवारी २०१६ मध्यें सरकारनें जाहीर केलें कीं, पांचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून एकदम 'भारत स्टेज ६' लागू होईल. ऑक्टोबर २०१८ मध्यें न्यायालयानें, त्या तारखेनंतर जुन्या मर्यादेचें एकहि वाहन विकतां येणार नाहीं, असा निर्णय दीड वर्ष आधींच दिला. तेल शुद्ध करणाऱ्या कंपन्यांनीं डिझेलमधील गंधक दर दशलक्ष भागांत ५० भागांवरून १० भागांवर आणलें. हें काम लहान नव्हतें. युरोपनें जी वाट पायरीपायरीनें चढली, तिची एक पायरी येथें चार वर्षांत उडी मारून ओलांडावयाची होती. तरीहि नेमलेल्या दिवशीं नवें इंजिन आणि नवें इंधन दोन्ही तयार होतीं. माणसें तींच, कारखाने तेच. फरक इतकाच कीं, या वेळीं मागणी ठाम होती, तारीख आधीं सांगितलेली होती, आणि इंधन पुरविणारानेंहि आपला वाटा उचलला होता. दटावण्यापेक्षां निश्चय अधिक काम करतो, हा धडा शाळेंत जितका खरा, तितकाच कारखान्यांतहि खरा आहे.

आतां विजेच्या बसगाड्यांचें युग आलें आहे, आणि त्याबरोबर बाजाराचें रूपहि पालटलें आहे. पूर्वीं कारखानदार गाडी विके, पैसे घेई आणि मोकळा होई. विजेची गाडी बॅटरीमुळें डिझेलच्या गाडीहून पुष्कळ महाग पडते, आणि परिवहन मंडळांच्या तिजोऱ्या तर रिकाम्या. म्हणून नवी पद्धति निघाली. मंडळानें गाडी विकत घ्यावयाचीच नाहीं. गाडीची मालकी, निगा आणि बहुधा चालकहि दुसऱ्याचा, आणि मंडळानें धांवलेल्या दर किलोमीटरास ठरलेला दर द्यावयाचा, असा हा दीर्घ मुदतीचा करार असतो. २०२२ सालीं केंद्र सरकारच्या एका कंपनीनें कोलकाता, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद व सुरत या पांच शहरांसाठीं ५,४५० विजेच्या गाड्यांची एकत्रित मागणी काढली, तेव्हां सर्वांत कमी दर टाटा मोटर्सचा ठरला. गाडी विकणारा आतां किलोमीटर विकूं लागला.

वरवर पाहतां हा बदल सर्वांच्या सोयीचा दिसतो. पण त्यांतील जोखीम कोणाच्या शिरावर आली तें पाहा. शेंकडों कोटी रुपये कर्ज काढून गाड्या बांधावयाच्या, आणि तें कर्ज अनेक वर्षें थोडेंथोडें वसूल व्हावयाचें. तेंहि अशा मंडळांकडून, ज्यांना आपल्या नोकरांचे पगारहि कधीं कधीं वेळेवर देतां येत नाहींत. ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्र सरकारनें १०,००० विजेच्या गाड्यांची 'पीएम ई-बस सेवा' योजना मंजूर केली, तेव्हां टाटा मोटर्सनें आपली भूमिका उघडपणें सांगितली कीं, पैसे मिळण्याची हमी असल्याखेरीज आणि गाड्यांच्या मालकीचा भार कमी झाल्याखेरीज अशा निविदा भरण्यांत आपणांस स्वारस्य नाहीं. कित्येकांना हें अंग काढून घेणें वाटलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. बुरूज बांधूं इच्छिणारानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. कंत्राट मिळावें म्हणून वाटेल तो कमी दर भरावयाचा, आणि मग गाड्याच द्यावयाच्या नाहींत, यापेक्षां आधींच स्पष्ट 'नाहीं' म्हणणें अधिक प्रामाणिक होय. सरकारनेंहि या तक्रारींतील तथ्य ओळखलें असें दिसतें. कारण सप्टेंबर २०२४ मध्यें अशा गाड्यांचे पैसे थकल्यास ते भागविण्यासाठीं ३,४३५ कोटी रुपयांची सोय केंद्रीय मंत्रिमंडळानें मंजूर केली. स्वच्छ हवा मागावयाची आणि तिचें बिल मात्र थकवावयाचें, ही नीति व्यक्तीला शोभत नाहीं, तशी नगरालाहि शोभत नाहीं.

कोणी म्हणेल, विजेची गाडी तरी खरोखर स्वच्छ आहे काय? ही शंका रास्त आहे, आणि तिला प्रामाणिक उत्तर दिलें पाहिजे. आपल्या देशांतील बहुतांश वीज आजहि कोळशापासून होते. मुंबई-पुण्यांतील चौकांतून नाहींसा झालेला धूर कांहीं अंशीं चंद्रपुरासारख्या ठिकाणीं, २,९२० मेगावॉट शक्तीच्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यांतून बाहेर पडतो, आणि तेथेंहि मुलें शाळेस जातात. म्हणून गाडी बदलून आपलें काम संपलें असें मानणें ही आत्मवंचना होईल. वीजहि स्वच्छ व्हावयास हवी. परंतु त्यावरून जुना धूर बरा होता असें मात्र ठरत नाहीं. माणसांच्या नाकासमोर सुटणारा धूर हा सर्वांत घातक. तो आधीं थांबविणें योग्यच आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट ही कीं, कोणत्याहि शक्तीवर चालणारी भरलेली बस पन्नास माणसें नेते. तीं पन्नास माणसें आपापल्या दुचाकीवर किंवा मोटारींत बसलीं, तर किती रस्ता अडेल आणि किती धूर होईल, याचें गणित चौथीच्या मुलासहि करतां येईल. दिल्लीच्या १९९८ च्या आदेशांत गाड्यांची संख्या १०,००० पर्यंत वाढवावी असेंहि एक कलम होतें. इंधनाचें कलम जितक्या हट्टानें पाळून घेतलें गेलें, तितक्या हट्टानें हें संख्येचें कलम पाळून घेतलें गेलें नाहीं. गाड्या स्वच्छ झाल्या, पण थोड्या राहिल्या, तर त्यांचा उपयोग काय? थांब्यावर तासभर तिष्ठलेला मनुष्य दुसऱ्या महिन्यांत कर्ज काढून दुचाकी घेतोच.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याविना हा हिशेब पुरा होत नाहीं. ती म्हणजे कामगारांची. डिझेलच्या इंजिनांत असंख्य भाग असतात. विजेच्या मोटरींत ते पुष्कळच कमी. नाशिक येथें डिझेल इंजिनाचे इंजेक्टर व नोझल बनविणारा मोठा कारखाना आहे. पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर, औरंगाबाद (आतां छत्रपति संभाजीनगर) या भागांत इंजिनाचे सुटे भाग ओतून व कांतून किती तरी कुटुंबांचीं घरें चालतात. या अंकाच्या वाचकांत अशा कुटुंबांतीलहि मुलें असतील. हवा शुद्ध झाली आणि बापाची नोकरी गेली, असा प्रसंग त्यांच्यावर कां यावा? यावरचा उपाय धुरास मुदतवाढ देणें हा नव्हे. वाफेचीं इंजिनें गेलीं तेव्हांहि लोहार व फिटर यांना नवें काम शिकावें लागलें. उपाय हाच कीं, मुदत जशी यंत्रासाठीं आधीं सांगावयाची, तशी ती माणसासाठींहि आधीं सांगावी, आणि त्या अवधींत बॅटरी, वीजजोडणी व नियंत्रणयंत्रें यांचें शिक्षण कामगारांस कारखान्याच्या व सरकारच्या खर्चानें मिळावें. ज्या बदलाचा लाभ सर्व समाजास होतो, त्याचा भार एकट्या कामगारानें वाहावा, हा न्याय नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, आणि पालकहो, हा विषय न्यायालयाचा, सरकारचा व कारखानदाराचा आहे. त्यांत आपण काय करणार, असें आपणांस वाटेल. पण ठाम मागणी करणारा, तिची मुदत पाळून घेणारा आणि तिची किंमत मोजणारा शेवटीं कोण? आपणच. बसचें भाडें दोन रुपयांनीं वाढलें म्हणजे आपण तावातावानें बोलतों. आणि नगरपालिकेनें बससेवेवर किती खर्च केला, किती देणें थकविलें, हें मात्र कधीं विचारीत नाहीं. मुलगा महाविद्यालयांत गेला कीं त्यास दुचाकी घेऊन देणें हें आपणांस पितृकर्तव्य वाटतें. बसचा पास काढून देणें हें कमीपणाचें वाटतें. बसला गिऱ्हाईकच उरलें नाहीं, तर ती बनविणारा तरी कोणासाठीं सुधारील? ज्या गाडींत शहाणीं व शिकलेलीं माणसें बसतात, तिची स्वच्छता आणि तिचा वक्तशीरपणा यांविषयीं तक्रारहि होते आणि सुधारणाहि होते. जी गाडी केवळ नाइलाज असलेल्या गरिबांसाठीं उरते, तिच्याकडे कोणीच पाहत नाहीं.

यास्तव कारखानदारास दोष द्यावयाचा तेव्हां तो अवश्य द्यावा; त्यानें उशीर केला, सबबी सांगितल्या, तर त्यास खडसावून विचारावें. पण त्याबरोबर स्वतःकडेहि वळून पाहावें. मागणी करणें सोपें आहे; ती निभावून नेणें हें नागरिकत्व आहे. तुमच्यांतून उद्यां कोणी यंत्रशास्त्रज्ञ होईल, कोणी परिवहन मंडळाचा अधिकारी होईल, कोणी न्यायासनावर बसेल, आणि बहुतेक सारे रोजचे उतारू होतील. ज्याच्या वाट्यास जें काम येईल तें त्यानें वेळेवर आणि पुरतें केलें, तर पुढच्या पिढीच्या मुलांना शाळेस जातांना नाकास रुमाल लावावा लागणार नाहीं.